शाळेचा इतिहास शोधताना: जनरल रजिस्टर, शेरेबुक आणि आठ महिने

आमच्या गावच्या जिल्हा परिषद हायस्कूलच्या कमानीवर 'स्थापना १९२५' असं रंगवलेलं आहे. मी पाचवीला आले तेव्हाही होतं. जून २०२४ मध्ये मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. पुढच्या वर्षी शाळेला शंभर वर्षं होतात, स्मरणिका काढायची आहे, शाळेचा इतिहास आणि परंपरा यावर चार पानं लिहून द्या, असं त्या म्हणाल्या. मी लगेच हो म्हटलं. महिनाभराचं काम वाटलं होतं, प्रत्यक्षात जानेवारी २०२५ उजाडला. तुमच्याही शाळेची शंभरी जवळ आली असेल आणि हे काम तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर कुठे किती वेळ जातो याचा अंदाज यावा म्हणून हे लिहितेय.

गाव सातारा जिल्ह्यातलं, लोणंदजवळचं. मी पुण्यात नोकरी करते, त्यामुळे बहुतेक काम शनिवारी झालं. शनिवारी शाळा सकाळची असते. अकरा-साडेअकराला मुलं घरी गेली की कार्यालय शांत होतं आणि भाऊसाहेबांना, म्हणजे शाळेच्या क्लार्कना, कपाट उघडायला वेळ मिळतो. इतर वारी गेलात तर दर दहा मिनिटांनी कुणीतरी दाखल्याला किंवा बोनाफाईडला येतं आणि तुमचं रजिस्टर बाजूला राहतं.

पहिली भेट २४ जूनला. जुनी रजिस्टरं बघायची आहेत म्हटल्यावर बाईंनी साध्या कागदावर अर्ज मागितला: माजी विद्यार्थिनी, दहावी उत्तीर्ण वर्ष, कशासाठी बघायचं, किती दिवस. जनरल रजिस्टर हा शाळेचा कायमस्वरूपी अभिलेख. त्यात प्रत्येक मुलाची जात, जन्मतारीख, पालकांचं नाव असतं. ते कुणालाही असंच उघडून दाखवता येत नाही आणि दाखवूही नये. बाई म्हणाल्या, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय घेते. ती बैठक जुलैच्या पहिल्या आठवड्यात ठरली आणि पुढे गेली, कारण माउलींची पालखी आली. पालखीच्या दिवसांत आमच्या शाळेच्या खोल्या दिंड्यांना दिलेल्या असतात. वर्गात तंबूची पोती, व्हरांड्यात चुली, मुलं पाणी वाटायला. ही शाळेची सर्वांत जुनी परंपरा, असं गावात सगळे सांगतात. ते खरं असावं, पण याला कागदाचा आधार मला मिळाला नाही, म्हणून लेखात 'गावकऱ्यांच्या आठवणीनुसार' असंच लिहिलं.

२० जुलैला परवानगी मिळाली. अट अशी की रजिस्टर कार्यालयाबाहेर न्यायचं नाही आणि कुणाच्याही नोंदीचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचा नाही. दोन्ही अटी मला पटल्या.

रजिस्टरं सापडायला वेळ लागला नाही, कारण २०२३ च्या अखेरीस कुणबी नोंदी शोधायच्या मोहिमेत ती माळ्यावरून एकदा खाली आली होती. पुसून, क्रमांक लावून, लाल कापडात बांधून ठेवलेली. तुमच्या शाळेतही तसं झालं असण्याची शक्यता आहे. भाऊसाहेबांना आधी तेच विचारा, माळा नंतर.

सर्वांत जुनं रजिस्टर १८९३ चं निघालं. कमानीवर १९२५ आणि माझ्या हातात १८९३! शिवाय पहिल्याच पानावरचा पहिला नंबर ६११. म्हणजे याच्याही आधीचं एक रजिस्टर होतं आणि ते गेलं. मी बाईंकडे बघितलं, बाई माझ्याकडे. चार पानांचा लेख त्याच दुपारी हातातून सुटला.

ते पहिलं रजिस्टर मोडीत होतं. मला मोडी येत नाही. लोणंदच्या एका शिक्षकांच्या ओळखीने एक मोडी वाचक मिळाले, निवृत्त गृहस्थ. त्यांनी पानाला २५० रुपये सांगितले. सगळं रजिस्टर वाचून घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून निवडक १४ पानं घेतली: पहिलं, शेवटचं, आणि मधली जिथे शेऱ्यांची दाटी होती ती. ३५०० रुपये झाले. मोडी वाचकाकडे जायच्या आधी आपल्याला नेमकं काय हवंय ते ठरवून जावं. मी पहिल्या दिवशी नुसतीच 'वाचून सांगा' म्हणाले, त्यात त्यांचे दोन तास गेले.

त्या रजिस्टरमधून कळलं ते असं. गावात आधी मराठी शाळा होती, शेतसाऱ्यावरच्या लोकल फंडातून चालणारी. इंग्रजी वर्ग नंतर जोडले गेले. त्या काळी मराठी चौथी झाली की मूल 'इंग्रजी पहिली'त जायचं, आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. इंग्रजी पहिली म्हणजे आजची पाचवी धरा. हे लक्षात न घेता रजिस्टर वाचलं तर पंधरा वर्षांचा मुलगा पाचवीत कसा, असं कोडं पडतं. मॅट्रिकची परीक्षा तेव्हा मुंबई विद्यापीठ घ्यायचं. १८५९ च्या पहिल्या तुकडीत न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण भांडारकर होते. एसएससी १९४९ पासून आली, राज्य मंडळ १ जानेवारी १९६६ ला. अकरावीची एसएससी जाऊन दहावीची आली ती १९७५ ला. या चार तारखा एका चिठ्ठीवर लिहून मी रजिस्टरशेजारी ठेवल्या होत्या. सतत लागतात.

आमच्या शाळेत 'इंग्रजी इयत्ता १ ली' ही नोंद पहिल्यांदा दिसते ती जून १९२५ मध्ये. म्हणजे कमानीवरचा आकडा खोटा नाही. पण तो मराठी शाळेचा नाही आणि हायस्कूलचाही नाही. त्या वेळी फक्त तीनच इंग्रजी यत्ता होत्या. पुढे शिकायचं तर सातारा, वाई किंवा पुणं. मग आठवी ते अकरावी कधी सुरू झाली? बाईंना माहीत नव्हतं, आधीच्या सरांनाही नव्हतं.

इथून कार्यालयांच्या फेऱ्या सुरू झाल्या. हायस्कूलच्या मान्यतेचं पत्र मिळावं म्हणून मी ऑगस्टमध्ये साधा अर्ज केला. महिनाभर उत्तर नाही. मग ९ सप्टेंबरला माहिती अधिकारात जोडपत्र 'अ' भरून दिलं, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. तीस दिवसांची मुदत तशीच उलटली, त्यात १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली, आणि जो तो निवडणुकीच्या कामात. उत्तर आलं ते ऑक्टोबरच्या अखेरीस: सदर अभिलेख आढळून येत नाही. वाईट वाटलं. नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं की माझा प्रश्नच अडचणीचा होता. जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या १ मे १९६२ ला. त्याआधीचा कारभार जिल्हा लोकल बोर्डाचा. कागद एका कार्यालयातून दुसऱ्यात गेले, जागा बदलल्या. 'शाळेच्या स्थापनेचं पत्र द्या' असं विचारण्याऐवजी 'या शाळेच्या नावे उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या मान्यता नोंदीची प्रत द्या' असं विचारायला हवं होतं. दुसऱ्या अर्जात तसं विचारलं आणि १९६० च्या दशकातली ३७ पानं मिळाली, पानाला २ रुपये दराने ७४ रुपयांत. त्यात वर्गखोल्या, अनुदान, शिक्षकसंख्या, सगळं होतं. १९६२ च्या आधीचं काहीच नव्हतं.

दरम्यान दोन रजा टाकून पुण्यातल्या पेशवे दफ्तरात, म्हणजे पुराभिलेखागारात गेले. ओळखपत्र आणि विषय लिहिलेला अर्ज दिला की अभ्यासकांना बसू देतात. आमच्या गावाचं नाव मला तिथे मिळालं नाही, पण एक गोष्ट शिकले: आधी छापील साधनं संपवावीत, मग हस्तलिखितांकडे जावं. १८८५ चं सातारा जिल्ह्याचं गॅझेटियर फुकट उतरवून घेता येतं. त्यात शिक्षणाचं वेगळं प्रकरण आहे, आणि शेवटी गावांची माहिती. मी ते नंतर वाचलं. आधी वाचलं असतं तर एक रजा वाचली असती.

आणि मग पत्र सापडलं ते शाळेतच. २३ नोव्हेंबरचा शनिवार, निवडणुकीच्या निकालाचा दिवस. गावात गुलाल, फटाके, आणि आम्ही तिघं कार्यालयात: मी, भाऊसाहेब आणि शिपाई मामा. मामा म्हणाले, "ताई, डेडस्टॉकच्या वह्या बघितल्या का? त्यात जुने लोक काहीबाही चिकटवून ठेवायचे." डेडस्टॉक, म्हणजे जडसंग्रह वही, ही शाळेच्या सामानाची नोंदवही. १९५३ च्या अशाच एका वहीच्या पुठ्ठ्याला आतून एक टंकलिखित पत्र डिंकाने चिकटवलेलं होतं. जून १९५३ पासून इयत्ता आठवीचा वर्ग सुरू करण्यास परवानगी. खालची सही वाळवीने खाल्लेली, पण आवक क्रमांक शाबूत. आवक-जावक नोंदवहीत तो क्रमांक जुळला. भाऊसाहेबांनी स्वतः उठून चहा सांगितला.

डेडस्टॉकच्या वहीला कुणी इतिहास म्हणत नाही. पण १९३१ ला 'हिंदुस्थानचा नकाशा १', १९५३ ला 'लेझीम ३०, हलगी १', आणि पुढे एका वर्षी 'रुळाचा तुकडा १, घंटेकरिता' अशा ओळी वाचताना माझी शाळा माझ्यासमोर उभी राहिली. त्या रुळाच्या तुकड्यावर पडणारा टोल ऐकत मी सहा वर्षं काढली. पुणे-मिरज लाईन मीटरगेजची ब्रॉडगेज झाली त्या सुमाराची ती नोंद आहे.

शेरेबुकातही असंच. तपासणीला आलेले अधिकारी त्यात शेरे लिहून जायचे. 'मुलांचे पाठांतर बरे, हिशेब कच्चा.' 'छप्पर गळते, पावसाळ्यापूर्वी दुरुस्ती व्हावी', आणि हाच शेरा पुढची चार वर्षं.

पण सगळ्यात जास्त वेळ मी दिला तो जनरल रजिस्टरमधल्या एका रकान्याला. 'शाळा सोडण्याचे कारण.' उत्सवाच्या लेखात सहसा मुख्याध्यापकांची यादी, देणगीदार, गुणवंत येतात. ती नावं फलकावर आहेतच. या रकान्यात बाकीचे सगळे आहेत. १८९७ नंतरच्या पानांवर 'प्लेगमुळे गाव सोडले' पुन्हा पुन्हा येतं. १९१८ च्या हिवाळ्यात, मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत, एकाच पानावर नऊ वेळा 'मयत'. वाचून झाल्यावर मी बाहेर पटांगणात जाऊन बसले. १९३० च्या दशकात 'फी थकल्याने नाव कमी', 'गुरे राखण्यास', 'मुंबईस गिरणीत'. यशवंतराव चव्हाणांच्या काळात ईबीसीची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना फीमाफीची, सवलत आली, त्यानंतर फीचं कारण विरळ होत जातं. रकान्यात ते डोळ्यांनी दिसतं, कुणी समजावून सांगावं लागत नाही. १९७२ च्या दुष्काळात 'परगावी'. आणि मुलींच्या नावापुढे, ऐंशीच्या दशकापर्यंत, 'लग्न'.

जन्मतारखेचा रकानाही सांगायला हवा. पानंच्या पानं १ जून. घरच्यांना तारीख माहीत नसली की गुरुजी शाळेच्या सोयीची तारीख लिहायचे. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी का येतो, ते मला तिथे कळलं. जन्माच्या पुराव्यासाठी रजिस्टर बघणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

डिसेंबरमध्ये साताऱ्याला काम होतं तेव्हा मुद्दाम जुन्या राजवाड्यावरून गेले. छत्रपती प्रतापसिंह महाराजांचा हा वाडा, आणि याच वाड्यात भरलेलं प्रतापसिंह हायस्कूल. तेही जिल्हा परिषदेचंच. तिथल्या रजिस्टरात १९१४ क्रमांकाला एक नोंद आहे: भिवा रामजी आंबेडकर, इंग्रजी पहिली, प्रवेश ७ नोव्हेंबर १९००. बाबासाहेबांच्या शाळाप्रवेशाचा तो दिवस राज्यात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. ती ओळ कुणीतरी शाईने लिहिली, कुणीतरी ते रजिस्टर वाळवीपासून, गळतीपासून जपलं, म्हणून तारीख आज सांगता येते. कमानीखाली उभं राहून मला आमचं हरवलेलं रजिस्टर आठवत होतं, नंबर १ ते ६१० चं.

परंपरांचं काम कागदापेक्षा अवघड गेलं. मी गावातल्या १७ जणांशी बोलले. आठवणी मनापासून सांगितलेल्या असतात, पण तपासाव्या लागतात. एक आजोबा म्हणाले की ते १९५६ ला रोज 'भारत माझा देश आहे' म्हणायचे. ती प्रतिज्ञा मुळात १९६२ ला तेलुगूत लिहिली गेली आणि १९६५ पासून शाळांमध्ये म्हणू लागले. आजोबांनी ती नातवंडांकडून ऐकून आपल्या बालपणात नेऊन ठेवली होती. मी त्यांना दुरुस्त केलं नाही. मात्र लेखात ते घेतलं नाही. दसऱ्याचं पाटीपूजन, एकाचे आकडे जोडून काढलेली सरस्वती, १५ ऑगस्टची लेझीम घेऊन निघणारी प्रभातफेरी, यांबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत होतं आणि सूचनावह्यांमध्येही ते मिळालं.

आमच्या शाळेची खास अशी एक रीत आहे. जूनमध्ये शाळा उघडते त्या दिवशी पहिला टोल पाचवीतली एखादी मुलगी देते. आमच्या वर्षी माझ्या मैत्रिणीने दिला होता, मी हात धरून उभी होते. 'शाळा सुरू झाल्यापासूनची पद्धत' असं सगळे सांगतात. पण १९२५ पासून पुढची तीस वर्षं इंग्रजी यत्तांमध्ये एकही मुलगी नाही. मी रजिस्टर दोनदा पाहिलं. पहिली मुलगी आठवीला येते जून १९५५ मध्ये. नाव वाचून शिपाई मामा म्हणाले, "या तर खालच्या आळीतल्या आक्का. आहेत की."

आक्का ८३ वर्षांच्या. कान शाबूत, गुडघे गेलेले. त्या ओढ्यापलीकडच्या वाडीतून यायच्या. पाऊस लागला की ओढा चढायचा, म्हणून उजाडताच निघायच्या आणि सगळ्यांच्या आधी शाळेत पोचायच्या. "शाळा उघडायचा दिवस होता. शिपाई तापानं पडलेला. हेडमास्तर म्हणाले, पोरी, तू आलीस ना आधी, मग तूच दे टोल. मी दिला. पोरं हसली. मास्तर म्हणाले, पुढच्या वर्षी पण हीच देणार." तेव्हा रुळाचा तुकडा नव्हता, पितळी तास होता. डेडस्टॉकमध्ये तो आहे. दुसऱ्या वर्षीही त्यांनीच दिला. एका दुसऱ्या आजींच्या मते ही रीत नंतरच्या एका बाईंनी सुरू केली. मी दोन्ही लिहिलं. मन कुठल्या बाजूला आहे तेही लेखात सांगितलं.

रजिस्टरमध्ये आक्कांच्या ओळीच्या शेवटी लिहिलंय: एप्रिल १९५७, इयत्ता ९ वी, कारण 'लग्न'. शेऱ्याच्या रकान्यात 'दाखला नेला नाही'.

हे मी बाईंना दाखवलं. बाई बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग आपण देऊ." मला वाटलं प्रतिज्ञापत्र वगैरे लागेल. तसं नाही. दाखला हरवला असेल तर दुय्यम प्रतीसाठी ती भानगड. मूळ दाखला नेलेलाच नसेल तर विद्यार्थ्याचा स्वतःचा अर्ज पुरला. मी अर्ज लिहिला, आक्कांनी सही केली. अक्षर अजून वळणदार. आताच्या नमुन्यात आधार क्रमांक, स्टुडंट आयडी असे रकाने आहेत. भाऊसाहेबांनी तिथे आडव्या रेघा मारल्या आणि वर्तणुकीपुढे 'चांगली' लिहिलं.

लेख १२ जानेवारीला दिला. चारऐवजी अकरा पानं. स्थापनेच्या प्रश्नावर समितीत दोन बैठका झाल्या. शेवटी ठरलं की शताब्दी इंग्रजी वर्गांची म्हणून साजरी करायची, आणि कमानीवर तिन्ही साल घालायची: मराठी शाळा १८९३ पूर्वी, इंग्रजी वर्ग १९२५, हायस्कूल १९५३. माझा एकूण खर्च आठ हजारांच्या आसपास झाला: मोडी वाचन, प्रवास, एक हार्ड डिस्क आणि झेरॉक्स. रजिस्टरांचे फोटो आता शाळेच्या कपाटात त्या डिस्कवर आहेत, माझ्याकडे प्रत ठेवलेली नाही. तुम्हीही ठेवू नका, ती माहिती आपली नव्हे. लेखातही कुणाचं नाव घरच्यांना विचारल्याशिवाय घातलं नाही. मानमोडीत गेलेल्या त्या नऊ मुलांची फक्त वयं दिली.

२६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर बाई, मी आणि पाचवीतल्या दोन मुली आक्कांच्या घरी गेलो. आक्कांनी चष्मा पुसला, दाखला गुडघ्यावर ठेवला आणि बोट फिरवत मोठ्याने वाचायला सुरुवात केली. नाव, आईचं नाव, जन्मस्थळ. जन्मतारखेवर बोट थांबलं. एक जून.

"नाही ग," त्या म्हणाल्या. "मी श्रावणातली. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीची. आई सांगायची, झोके अजून झाडाला तसेच होते."